म्हावऱ्याच्या बर्फावरचं गुलाबपाणी

नाशिकहून सुटलेल्या एसटीत माझ्या मांडीवर गुलाबपाकळ्यांनी भरलेली ओलसर उशीची खोळ होती, आणि तिच्यामुळे खिडकीची जागा मिळूनही मला चैन नव्हतं. पाकळ्यांना ऊन लागलं की त्या काळ्या पडतात, दाबल्या गेल्या की आतून तापतात. त्यामुळे कसारा घाट उतरेपर्यंत मी खोळीचं तोंड उघडत होते, मिटत होते, या मांडीवरून त्या मांडीवर घेत होते. शेवटी कंडक्टरला राहवेना.

"मावशी, आत लहान मूल असेल तर अर्धं तिकीट लागेल."

"फुलं आहेत हो."

"मग झोपू द्या की त्यांना."

भिवंडीला कुणी काही पाहायला जात नाही. तिथे लोक माल आणायला जातात किंवा माल सोडायला. मी माल सोडायला चालले होते. प्रमिला ही माझी कॉलेजातली मैत्रीण. भिवंडीत नारपोलीला राहते, पोस्टात काम करते. तिच्या श्वेताचं रविवारी लग्न होतं. श्वेताला दमा आहे. डॉक्टरांनी दिलेला पंप तिच्या पर्समध्ये असतो आणि एरवी तिचं छान चाललेलं असतं, पण बाजारी सेंट, स्प्रे असलं काही नाकात गेलं की तिची छाती भरून येते. साखरपुड्याला मुलाकडच्यांनी सुगंधाचं मशीन आणलं होतं. स्टेजच्या कडेला उभं राहून ते गुलाबाच्या नावाखाली कसलंतरी धुकं सोडत असतं. पहिल्याच फवाऱ्याला श्वेता जिन्यात पळाली. प्रमिलाने पाहुण्यांना सांगितलं, की मुलीला रडू आवरलं नाही. पाहुण्यांना ते फार आवडलं.

लग्नातही तेच मशीन येणार होतं. मुलाचे थोरले काका, विलासराव, हे त्या घरातले कर्ते, आणि मशीन ही त्यांची हौस. खरं सांगितलं तर सासरी 'मुलीत खोट आहे' असं होईल, ही प्रमिलाची भीती. म्हणून तिने बेत आखला होता. हॉलचा मॅनेजर ओळखीचा होता. त्याला हाताशी धरून मशीनमधलं सेंट ओतून टाकायचं आणि घरी काढलेलं गुलाबपाणी भरायचं. वासही येईल, मुलगीही स्टेजवर बसेल, कुणाला कळणारही नाही. "तू फक्त फवारणी न केलेले देशी गुलाब आण," ती फोनवर म्हणाली होती.

पडघ्याच्या पुढे गोदामं सुरू होतात. एकेका गोदामात आमची अख्खी गल्ली मावेल. बायपासला उतरून मी धामणकर नाक्याची शेअर रिक्षा धरली. ट्रक, टेम्पो, हातगाड्या आणि कापडाच्या ताग्यांनी लादलेल्या सायकली यांच्यात रिक्षा अडकली ती अडकलीच. रिक्षावाल्याने दोनदा शिंकून मागे पाहिलं.

"आंटी, क्या है उसमें?"

"गुलाब."

"शादी का? अच्छा है. लेकिन मेरेको फूल से छींक आती. बीवी बोलती, शायरी का नुकसान हो गया."

नारपोलीत घराच्या आधी आवाज लागतो. गल्लीच्या दोन्ही अंगांना लूमचे (यंत्रमागांचे) कारखाने, आणि त्यांची खटखट इतकी सलग, की थोड्या वेळाने ती ऐकू येत नाही, नुसती दातांत जाणवते. प्रमिलाच्या स्वयंपाकघरात फडताळातल्या बश्याही त्या तालावर हलत होत्या. मला बसवेना. प्रमिला म्हणाली, "बस गं जरा, पाणी पी." मी उभ्यानेच पाणी प्यायले आणि पाकळ्या परातीत पसरल्या. कडेच्या थोड्या काळवंडल्या होत्या, बाकीच्या शाबूत.

संध्याकाळी आम्ही थोड्या पाकळ्यांचं पाणी काढून पाहिलं. कृती सोपी आहे, फक्त ती माझ्यासारख्या माणसांसाठी केलेली नाही. खोल पातेल्यात मधोमध एक वाटी पालथी घालायची, तिच्यावर दुसरी रिकामी वाटी सुलटी ठेवायची. भोवती पाकळ्या, त्या बुडतील एवढंच पाणी. वरचं झाकण उलटं ठेवायचं, म्हणजे त्याची मूठ आत येते. झाकणाच्या खोलगट भागात बर्फ. मंद आच. वाफ गार झाकणाला लागते, तिचं पाणी होऊन मुठीवरून वाटीत ठिबकतं. बस, एवढंच. पण त्यानंतर काही करायचं नसतं, आणि ते काही न करणं मला जमत नाही. मी गॅसपाशी गेले, खिडकीपाशी गेले, परत आले. लूमची खटखट चालूच होती आणि त्यात ठिबकण्याचा आवाज येतोय की नाही, कळत नव्हतं.

अखेर वाटीत जे जमलं ते पाहून मी आधी निराश झाले. रंग नाही, तेलाचा तवंग नाही. नाकाशी नेलं तर गुलाबापेक्षा पावाच्या भट्टीवरून गेलेल्या गुलाबासारखा, अंगालगत राहणारा वास. अत्तर समोर येऊन नमस्कार घालतं. हे पाणी आपण जवळ गेलो तरच बोलतं. उकळून कोरड्या केलेल्या बाटलीत भरलं. असलं पाणी फ्रिजमध्ये ठेवावं आणि लवकर संपवावं, टिकायला त्यात काही घातलेलं नसतं. थोडं प्रमिलाने सरबतात घातलं. थोडं रुमालावर शिंपडून श्वेतापुढे धरलं, तेव्हा मात्र आम्हा दोघींचाच श्वास अडकला होता.

श्वेताने हुंगलं. थांबली. पुन्हा हुंगलं.

"बरं वाटतंय," ती म्हणाली. "पण आई, हे मशीनमध्ये लपवून घालायचं म्हणजे..."

"लग्न होऊ दे, मग बोल," प्रमिला म्हणाली.

"लग्न झाल्यावर कुठे जाऊ श्वास घ्यायला? त्याच घरात राहायचंय मला."

"तुझा होणारा नवरा काय म्हणतो?" मी विचारलं.

"तो म्हणतो, काकांना तू सांग, मी पाठीशी आहे."

पाठीशी असणाऱ्या माणसांचा एक फायदा असतो, त्यांना समोरून काही लागत नाही.

शुक्रवारी लूमना सुट्टी. गल्ली एकदम गप्प झाली आणि मला जास्तच अस्वस्थ वाटू लागलं. त्या दिवशी उरलेल्या सगळ्या पाकळ्यांचं पाणी काढायचं होतं. पातेलं मोठं घेतलं, आच लागली, आणि वीज गेली. कारखाने बंद म्हणून दुरुस्तीची कामंही शुक्रवारीच निघतात. फ्रिजमधल्या बर्फाचं पाणी झालं. शेजारच्या जनाताई मदतीला धावल्या. मूळच्या खाडीकाठच्या शेतकरी घरातल्या. आता शेतावर गोदाम उभं आहे, पण घरात मासळीचा डबा रिकामा नसतो. त्या थर्माकोलचा खोका घेऊनच आल्या.

"घे बाय, यो बरफ. कालचा हाय, पन घट्ट हाय."

मी नाक पुढे केलं. "जनाताई, याला वास येतोय."

"कसला वास? धुतलाय मी. म्हावरं (मासे) होतं त्याच्यात, दुसरं काय न्हाय."

"माशांचाच येतोय."

"म्हावऱ्याचा वास म्हंजे काय वास हाय व्हय?" त्या मनापासून चकित झाल्या. "वास म्हंजे त्या तुमच्या नाक्यावरच्या गटाराचा."

प्रमिलाने हिशोब केला, की बर्फ झाकणाच्या बाहेर, पाणी आत. दोघांची गाठ पडायचं कारण नाही. हिशोब बरोबर होता. झाकण कुणी उचललं नसतं, तर. पण गल्ली शांत होती, ठिबकण्याचा आवाज ऐकू येत होता, मग येईनासा झाला, आणि वाटी भरली की काय हे बघायला मी झाकणाची कड वर केली. वितळलेला बर्फ एका बाजूने सर्रकन आत गेला.

श्वेताने चमचा बुडवून हुंगला, आणि इतकी हसली की पंप घ्यावा लागतो की काय असं वाटलं.

"बोंबील," ती म्हणाली. "गुलाबातले बोंबील."

जनाताईंनीही हुंगलं. "लय भारी झालाय," त्या म्हणाल्या. प्रमिला मात्र खुर्चीत बसली ती हलेना. मशीन भरायला पाणी उरलं नव्हतं आणि पाकळ्या संपल्या होत्या.

शनिवारी सकाळी मी आणि श्वेता अंबाडीला निघालो. वाडा रस्त्यावरचा तो बाजाराचा फाटा. तिथे वाळा तरी मिळेल, असं जनाताई म्हणाल्या होत्या. वाळ्याच्या मुळांचंही पाणी निघतं, मातीला पाणी लागल्यासारखं. जीपमध्ये आम्ही कोंबड्यांच्या टोपलीशेजारी बसलो. शहर सुटलं, पण गोदामं सुटेनात. मधेच भाताची कापलेली खाचरं, मधेच पत्र्याची भिंत. श्वेता बाहेर बघत नव्हती. फोन उलटा-सुलटा करत होती. माझ्यासारखंच कुणीतरी भेटलं म्हणून मला बरं वाटलं.

अंबाडीला झेंडूच्या माळा होत्या, वांगी होती, सुकट होती. गुलाब होते ते प्लास्टिकचे. एका काष्ठौषधीच्या दुकानात वाळ्याच्या दोन जुड्या निघाल्या. मी हुंगल्या. बारदानाचा वास आला. दुकानदार म्हणाला, "भिजवलं की उठतो वास." श्वेताने जुडी हातात घेतली आणि परत ठेवली.

"मावशी, बास. मी फोन करते."

नाक्यावर वाड्याची एसटी वळत होती, हॉर्न चालू होते. तिने फोन स्पीकरवर टाकला, बहुतेक मला साक्षीदार ठेवायला.

"काका, श्वेता बोलतेय. मला दमा आहे. साखरपुड्याला मी रडायला गेले नव्हते, मला श्वास लागला होता. उद्या मशीनमध्ये सेंट नको."

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला.

"अगं, मग हलकं टाकायला सांगतो," विलासराव म्हणाले. "जास्मिन मागवतो. इम्पोर्टेड."

"हलकं नाही काका. कुठलंच नाही."

"पण पत्रिकेवर छापलंय, सुगंधी स्वागत म्हणून. लोक काय म्हणतील?"

"मी स्टेजवरून उठून गेले तर काय म्हणतील?"

"हे आधी सांगायचं होतं."

"आता सांगतेय."

"बघतो," विलासराव म्हणाले, आणि फोन बंद झाला.

'बघतो' या शब्दावर आपल्याकडे सरकारं टिकून आहेत, पण त्यावर लग्न उभं राहील का, हे मला सांगता येत नव्हतं. आम्ही टपरीवर चहा घेतला. तिने एक घोट घेतला आणि म्हणाली, "आता आईला सांगायचं राहिलं." घरी पोचल्यावर प्रमिलाने ऐकून घेतलं, मग उठून मोठं पातेलं घासायला घेतलं. ते सकाळीच घासून झालं होतं.

रविवारी हॉलमध्ये पोचले तेव्हा मशीन होतं. खोट्या गुलाबांनी मढवून स्टेजच्या कडेला, नवऱ्यामुलापेक्षा ठळक जागी. प्रमिलाने माझा दंड धरला. मॅनेजर दिसेना. पांढऱ्या साडीतली श्वेता स्टेजवर येऊन बसली; पर्स तिने मांडीवर ठेवली होती, चेन उघडी ठेवून. बौद्धाचार्यांनी तसबिरींपुढे मेणबत्त्या लावल्या. सगळे त्रिशरण म्हणायला उभे राहिले, आणि मशीनने घुर्रर्र करून धुकं सोडलं.

मी विधीकडे बघितलंच नाही. मी श्वेताच्या खांद्यांकडे बघत होते. धुकं तिच्यापर्यंत गेलं. खांदे वर गेले, खाली आले. पुन्हा वर, पुन्हा खाली. आणि तसेच चालत राहिले. विलासरावांनी मशीनमध्ये नळाचं पाणी भरलं होतं. मशीन हलवणं त्यांना जमलं नाही, पण सेंट त्यांनी घातलं नाही. माझ्या मागच्या रांगेतल्या गृहस्थांनी दीर्घ श्वास घेतला आणि बायकोला म्हणाले, "बघ, याला म्हणतात उंची सुगंध. डोक्यात जात नाही."

जेवणाच्या वेळी विलासरावांच्या पत्नी, शोभाकाकू, श्वेताजवळ आल्या. बारीक चणीच्या, सबंध साखरपुड्यात त्या दिसल्याचंही मला कुणी सांगितलं नव्हतं. आजूबाजूला बघून हळूच म्हणाल्या, "मला पण होतं गं ते. घरात अगरबत्ती लागली की मी गच्चीवर जाते. सगळे म्हणतात, हिला गच्चीवरची हवा फार आवडते."

"काकांना माहीत नाही?"

"त्यांनी मला तिथे टाकायला खुर्ची आणून दिलीय," शोभाकाकू म्हणाल्या. "चांगली आहे खुर्ची. पण कालच्या तुझ्या फोनला मी शेजारीच बसले होते."

सोमवारी परतीची एसटी धरली. मांडी रिकामी होती, तरी मला नीट बसता येत नव्हतं. घरी काढलेल्या पाण्याबद्दल मी एवढंच सांगू शकते, की ते करून बघावं, तोंडावर शिंपडावं, सरबतात चमचाभर घालावं, आणि झाकण उचलू नये. त्याने कुणाचं लग्न वाचेल अशी अपेक्षा करू नये. आमचं तर उरलंही नाही.

घाट चढताना श्वेताचा आवाजी निरोप आला. ती दबक्या आवाजात बोलत होती आणि मधेमधे हसू दाबत होती.

"मावशी, आत्ता काकांनी नेहमीसारखी अगरबत्ती पेटवली. काकू म्हणाल्या, बाहेर लावा. काका म्हणाले, बाहेर कुठे? काकू म्हणाल्या, गच्चीवर. खुर्ची आहे तिथे. आणि मावशी, काका खरंच गेले. हातात अगरबत्ती धरून बसलेत, ती संपायची वाट बघत."