रत्नागिरीची आगबोट आणि गजूचा शनिवार

रत्नागिरीला लोक हवा खायला जातात, आंबे खायला जातात. मी गेलो तो माझा पुतण्या शनिवारी कुठे जेवतो ते बघायला.

झालं असं, की आमच्या दादांचा गजू मॅट्रिकला दोनदा आपटला आणि तिसऱ्यांदा बसायच्या ऐवजी रत्नागिरीच्या उद्योगशाळेत सुतारकाम शिकायला गेला. राहायला शाळेची पडवी आणि जेवायला वार, म्हणजे रोज एकेका ओळखीच्या ब्राह्मणाघरी पान. दादांनी तेवढं कसंबसं गिळलं. पण परवा तिकडचा एक सोयरा आला आणि पानाला चुना लावता लावता म्हणाला, "तुमचा मुलगा शनिवारी मिस्त्रीकडे जेवतो म्हणे. सुताराकडे!" दादा लालबुंद झाले. मला म्हणाले, "तू जा. खरं निघालं तर पुढच्या बोटीनं त्याला घेऊन ये. रंधा मारायचा तर मारू दे, पण जात घालवून नाही." वहिनी दाराआडून ऐकत होत्या. मला रजा होती, आणि दादांचं तोंड बघत बसण्यापेक्षा समुद्र बरा वाटला.

बोट भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटते. तुम्ही जाणार असाल तर डेकचंच तिकीट काढा. वरच्या वर्गात मळमळ काही कमी होत नाही. वळकटी धुराड्यापासून लांब पसरा, लिंबू हाताशी ठेवा आणि उपाशी चढू नका. हा शेवटचा सल्ला मी स्वतः पाळला नाही, त्यामुळे अलिबाग मला दिसलंच नाही. जरा सावरल्यावर शेजारच्या गृहस्थांशी बोलणं झालं. ते केळशीचे, गोदीच्या कारखान्यात फिटर. पुतण्या उद्योगशाळेत आहे म्हटल्यावर ते एकदम खुलले.

"नशीब काढलंन हो पोरानं! आमच्या कारखान्यात तिथली पोरं उभ्या उभ्या घेतात."

"आमच्या दादांना कारकून हवाय."

"माझा धाकटा भाऊ आहे की मॅट्रिक पास. तो अर्ज लिहितो नि मी त्याला खायला घालतो," असं म्हणून ते हर्णैला उतरून गेले.

रत्नागिरीला बोट धक्क्याला लागत नाही. ती खोल पाण्यात उभी राहते आणि पडाव येऊन उतारू घेऊन जातो. पडावाच्या तांडेलाशी भाडं आधीच ठरवून घ्या, मध्यावर गेल्यावर घासाघीस करायला तोंड राहत नाही. शेवटचं गुडघाभर पाणी खलाशाच्या खांद्यावरून. माझं वजन बघून माझा खलाशी "देवा रे!" म्हणाला, ते मी ऐकलं. मिरकरवाड्याच्या बाजूने सुक्या मासळीचा वास येत होता. नाकाला उपरणं लावून मी बैलगाडीत बसलो आणि गावातल्या खाणावळीत उतरलो. तिथला मऊभात आणि मेतकूट झकास, ढेकूणही भरपूर.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळीच शाळेवर गेलो. शाळा म्हणजे जांभ्याच्या भिंतींची एक लांबलचक कौलारू पडवी, गावकऱ्यांच्या वर्गणीवर उभी राहिलेली. एका टोकाला लोहाराचा भाता, एका टोकाला हातमाग, मधे सुतारकाम. कुणबी, खारवी, मुसलमान, भंडारी, सगळे एकाच लाकडाच्या भुश्शात उभे. पावसाळ्यात बोट बंद असली की गावी आलेले दोन थोराड खलाशीसुद्धा येऊन कवाडं जोडायला शिकतात, असं कळलं. गावाला बाकं, खाटा, वल्ही लागतील ती इथेच होतात आणि त्यातून शाळेचं लाकूड येतं. मला सुतारकामातलं ओ की ठो कळत नाही. पण गजू ओळखू आला नाही, इतका खांद्यात भरला होता.

तो परीक्षेसाठी खणांचं कपाट करत होता. मला बघून त्याचा चेहरा पडला.

"न्यायला आलात ना काका?"

"शनिवारी कुठे जेवतोस?"

त्याने लपवलं नाही. शनिवार आधी बाजारपेठेतल्या एका काकूंकडे होता. एके दिवशी त्यांनी गजूला डोक्यावर फळ्या घेऊन जाताना पाहिलं आणि निरोप धाडला, की वार शिकणाऱ्याला असतो, सुताराला नसतो. मग दोन-तीन शनिवार गडी पाण्यावर राहिला. लाकूड तासायचा वाकस निसटून बोटं जायची वेळ आली, तेव्हा सुतारकाम शिकवणाऱ्या सखाराम मिस्त्रींनी वाकस काढून घेतला.

मिस्त्री शेजारीच उभे होते. म्हणाले, "उपाशी मानसाच्या हातात मी हत्यार देत नाय. ह्याला बोल्लो, जेव, नायतर घरी जा. पयला शिधा दिला, बोल्लो तुझा तू रांध. भात असा करपवलान, की आमच्या म्हशीनं नाय खाल्ला!"

"परीक्षा झाली की कारखान्यात घेणार आहेत मला," गजू म्हणाला. "आता नेलंत तर सगळं बुडालं. मला परत मॅट्रिकला नका हो बसवू, काका." त्याचे डोळे भरले होते. मला अवघडल्यासारखं झालं, म्हणून मी कपाटाचे खण उघडझाप करत राहिलो.

दुपारी दोघांबरोबर मिस्त्रींच्या घरी गेलो. कुठे जेवतो ते बघायला आलो होतो, तेव्हा बघणं भाग होतं. सारवलेलं अंगण, चुलीवर कुळथाचं पिठलं रटरटत होतं. मिस्त्रींची धाकटी मुलगी मला बघून आईला म्हणाली, "आता दोन-दोन भट! म्हंजे आज पन बांगडा नाय?"

आईने तिला दटावलं, पण मला कळायचं ते कळलं. मिरकरवाडा हाकेवर, आणि हे घर गजूसाठी दर शनिवारी मासळीवाचून जेवत होतं. वाईट वाटलं मला, खरंच वाटलं. आमच्यातल्या काकूंना एक मूठ तांदूळ जड झाला होता.

बाईंनी पदर सावरून विचारलं, "तुमास्नी शिधा काडून देऊ? चूल येगळी पेटवते."

गिरगावात गुपचूप इराण्याचा चहा पिणारा मी. कसली वेगळी चूल! "नको. पान वाढा," म्हटलं आणि गजूशेजारी बसलो. भाकरी, पिठलं, आमसुलाचं सार. दोनदा मागून घेतलं. मिस्त्री मात्र संकोचून उंबऱ्यावरच बसून राहिले.

पुढच्या बोटीने एकटाच निघालो. परतीला वारा पडलेला, समुद्र ताटासारखा सपाट, तरी मला चैन नव्हतं. दादांना खोटं सांगता आलं असतं. सोयऱ्यालाच खोटं पाडता आलं असतं. पण मग ते घर लपवण्याजोगं ठरलं असतं, आणि ते काही मला पटेना.

घरी पोचलो तेव्हा वहिनींनी पाट मांडले होते. मी चपला काढायच्या आत दादांनी विचारलं, "शनिवारी कुठे जेवतो?"

"शनिवारी मी जिथे जेवलो, तिथेच."

"आणि तू कुठे जेवलास?"

"मिस्त्रींच्या घरी. त्यांच्याच चुलीवरचं."

मी हातपाय धुऊन आलो आणि भिंतीशी उभा राहिलो. आता माझा पाट बाहेर पडवीत जाणार, हे धरूनच चाललो होतो.

आतून वहिनींनी विचारलं, "पोटभर वाढतात ना हो त्याला?"

"वहिनी, त्याच्यासाठी त्या घरातली पोरं शनिवारी मासळी खात नाहीत."

मग दादा वाकले, माझा पाट स्वतःच्या हाताने ओढून आपल्या पाटाशेजारी घेतला आणि म्हणाले, "बस. भात निवतोय."