तळ्यातलं औषध अन् वाटीतलं दही

गुरांच्या दवाखान्यात गुरं शहाण्यासारखी वागतात. किस्से साठतात ते माणसांमुळं. मी येलदरीला शिपाई होतो. शिक्षण चौथी, पण डोळे शाबूत.

विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटलेला तेव्हा कांबळे बाई आल्या. एम.एस्सी.ला होत्या. गुरांना दिलेलं औषध शेणामुतातून तळ्यात जातं, ते उन्हानं मोडतं का, हे त्यांना दाखवायचं होतं. दाखवलं तर डिग्री, न्हाईतर घरचे लग्न लावून मोकळे.

कंपाउंडर देवरावनं पहिल्याच दिवशी खडा टाकला, "ताई, डिग्रीवर विद्यापीठाचं नाव कोणतं येणार?"

"आधी माझं तर येऊ द्या, काका."

देवरावनं उठून स्वतःची खुर्ची बाईंना दिली. असं पुन्हा कधी घडलं न्हाई.

*

बाईंनी तळ्याचं पाणी मागितलं. देवरावनं हापशाचं आणलं, तेही फडक्यानं गाळून.

"तळ्यात म्हशी लोळतात, ताई. तुमच्यासाठी चांगलं आणलं."

"मला म्हशींचंच पाहिजे. सडक्या पाल्याच्या पाण्यात हे औषध उन्हानं लवकर मोडतं."

घाण पाण्याचं कौतुक मी तेवढं एकदाच ऐकलं.

*

त्या पाण्यात औषध कालवून बाईंनी बाटल्या तळ्यात बांधल्या. काही उघड्या, काही काळ्या कागदात गुंडाळलेल्या. संध्याकाळी बघतो तर उघड्या बाटल्यांवर ओलं पोतं.

"मीच टाकलं," देवराव म्हणाला. "जन्मभर डब्यावर वाचायलोय, औषध उन्हात ठेवू नका. खराब झालं असतं की."

"काका, तेच तर करायचंय मला."

पुन्हा पहिल्यापासून. मिरग तोंडावर आलेला. अख्खं गाव पाऊस मागत होतं, ही एकटी ऊन.

*

औषध उरलं का ते सांगणारं शहरातलं मशीन बंद पडलं. डॉक्टरसाहेब म्हणाले, "औषध चालू असलेल्या म्हशीच्या दुधाचं दही लागत न्हाई. दुधात बाटलीचं पाणी टाका अन् विरजण लावा. दही लागलं तर औषध मोडलं."

तवापासून दवाखान्यात चहा कोराच.

*

परीक्षक आले. "कागदावर काय बी लिहिता येतं. डोळ्यानं दाखवा."

बाईंनी दोन वाट्यांवरची झाकणं काढली. काळ्या कागदातल्या बाटलीची वाटी, दूध तसंच पातळ. उन्हातल्या बाटलीची वाटी रिकामी, चाटूनपुसून साफ. बाईंचा चेहरा उतरला.

देवराव दारात मिशा पुसत उभा.

"काका, तुम्ही खाल्लं?"

"भाकरीसंगं. भूक लागलती."

परीक्षक त्याच्याकडं वळले. "कसं होतं?"

"लय घट्ट, साहेब. दुसऱ्या वाटीत बी बोट घालून बघितलं. ते काय लागलं न्हाई."

परीक्षकांनी पेन काढला अन् कागद देवरावपुढं सरकवला.

"इथं साक्षीदार म्हणून सही करा."