निकममामांची अडकलेली शिट्टी

निकममामांनी पहिल्याच भेटीत मला वाकुली दाखवली. मी बाजाची पेटी दुरुस्तीला घेऊन इंदिरानगरातल्या त्यांच्या दुकानात शिरलो, नमस्कार केला, आणि या साठीच्या गृहस्थांनी खालचा जबडा टेबलाच्या खणासारखा बाहेर ओढला, मान डावीकडे कलती केली. मी पडलो हौशी नट. मीही जबडा काढून उत्तर दिलं.

"तुमच्या पन कानात वाजतंय का, भाऊ?" त्यांनी केवढ्या आशेने विचारलं!

मामांच्या उजव्या कानात अखंड शिट्टी वाजायची. पट्टी दाबलेली नसतानाही पेटीत एखादा सूर वाजत राहतो, तो बंद करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. "आन् आता माझीच पट्टी अडकली. ही पेटी कोन खोलनार?" डॉक्टर म्हणाले होते, जबड्याच्या आणि मानेच्या नसांचा कधीकधी ऐकण्याशी संबंध असतो, त्या हलल्या की आवाज बदलतो. मामांनी त्याचं हत्यारच केलं. जबडा पुढे काढला की शिट्टी बारीक होऊन बाजूला सरायची. तेवढ्यात ते वरच्या सप्तकातली पितळी रीड कानशीने घासून सुरात आणत. "पाव्हणीला जरा सरकवलं, की काम व्हतं."

दोन वर्षांपूर्वी जबडा आखडला. तोंडात बोट जाईना, मग शिट्टी कुठली सरकायला? तरी माझी पेटी पुन्हा बिघडली, तेव्हा त्यांनी ती हट्टाने घेतली. तालमीत वाजवली, तर वरचे तीन सूर किंचाळत होते.

मामा स्वतः माझ्या घरी विचारायला आले. "लागली ना बरोबर?"

"एकदम झकास!" मी म्हणालो. अभिनयाची बक्षिसं आहेत माझ्याकडे.

मामांनी माझा चेहरा निरखला. "भाऊ, कान गेलाय माझा. डोळे हायेत." खिशातली बारकी कानस त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. दुकान पुन्हा उघडलं नाही.

गेल्या महिन्यात मामा गेले. शेजारी रिवाजाप्रमाणे हनुवटीखालून फडकं बांधत होते. मी पुटपुटलो, "जबडा जरा पुढे ओढून बांधा."

सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी इथेही नाटक करतोय. फक्त मामी पुढे आल्या. त्यांनी दोन बोटांत हनुवटी धरली आणि हलकेच ओढली.

दोन वर्षं न हललेला तो जबडा सहज पुढे आला.