गवताचा माणूस

परवा गंजाडला गेले तेव्हा शेतांत राब भाजत होते. पेरणीआधी पालापाचोळा आणि गवत पसरून जमीन भाजतात, त्याचा कडवट धूर. तो नाकात शिरला आणि सोनीआजी आठवली.

तिचा नवरा लोकांच्या शेतावर मजुरीला जायचा. महायुद्धात रस्ते बांधायला म्हणून त्याला ब्रह्मदेशात नेलं, आणि तिथंच बॉम्ब पडून तो मेला. बऱ्याच वर्षांनी गावात त्याच्या नावाचा दगड बसवायचं ठरलं, म्हणून तरुणपणी मी त्याची माहिती विचारत फिरत होते. फोटो नव्हता. त्याला नीट ओळखणारी ही एकच म्हातारी उरली होती.

"त्याचा अंग आलाच नाय," ती म्हणाली. "मंग गवताचा माणूस केला नि त्याला जाळला. लोकं इचारत, लांबी किती धरायची? मी बाजूला निजून दाखवली."

"म्हणजे कशी?"

ती उठली आणि सारवलेल्या अंगणात आडवी झाली. तिचे केस पांढरे, गाल बसलेले. नवरा मात्र अजून विशीतलाच. त्याच्या खांद्याशी डोकं येईल अशी ती निजली, शेजारच्या रिकाम्या जागेत हात वर नेला आणि म्हणाली, "इथवर."

मला त्याची उंची कळली. तेव्हा तेवढंच कळलं. तिला उठवायला मी लगबगीनं पुढे झाले, तशी ती ओरडली,

"तिकडून ये गो! त्याला ओलांडू नको."