अर्ध्या लेखाचा दोरा

अंक हातात घेतला का पंतजी आधी शेवटचं पान उघडत. खालच्या ओयीवर अंगठा ठेवत आनि म्हनत, "शेवट सापडल्याशिवाय बोलू नका." समोर मामलेदार असो का कापसाचा दलाल, कोनालेबी हेच.

असा मानूस तुमीबी पाह्यला असन एखांदा. नसन त माह्या डोयानं पाहा.

अमरावतीच्या शायेत पुस्तकाची एक खोली होती. पंतजी तिचे राखनदार. मी तथी सारवाले जात होती, पानी भरत होती. मले अक्षर येत नोव्हतं, आजबी येत नाई.

त्या सालात दूर कुठी गोऱ्याईची लढाई लागली होती म्हने, म्हून आमच्या कापसाले कधी नाई असा भाव आला होता. जो तो खोलीत ये, अंकात भाव पाहे अन उठून जाये. पंतजी माघून म्हनत, "आले, चाखून गेले."

मासिकात मोठा लेख एका महिन्यात मावत नसे. तोडून तोडून छापत. जो लेख अर्धा राह्यला त्या अंकाले पंतजी पांढरा दोरा बांधत, टोक बाहेर लटकत ठेवत. पुढचा भाग आला का त्याच दोऱ्यानं दोनी अंक शिवून टाकत. म्हून मले बिनअक्षराचीलेबी समजे, कोनता लेख पुरा हाये अन कोनता अर्धा. झाडता झाडता मी म्हनत होती, "पंतजी, तुमच्या कपाटाले लय शेपट्या फुटल्या." ते हासत नोव्हते. पन दोरे नीट करत.

आमचं गाव बडनेऱ्याच्या बाजूले. एका उन्हायात पाटलाच्या कारकुनानं पंतजीईच्या खोलीतलं मासिक आनून चावडीवर वाचलं. परदेशी सरकी पेरा, लांब धाग्याचा कापूस येईन. जुनी बैलाईले चारून टाका, नाई त मिसयून नवी बिघडन. पाटलानं हुकूमच काढला. माह्या घरी सासूच्या सासूपासून चालत आलेलं बी होतं. दरसाली आमी बायाईनं ते निवडाचं, शेनमातीत घोयाचं, मंग पेराचं. ते दावनीत टाकाचं?

दुसऱ्या दिवशी खोलीत गेली त कारकुनानं तेलाचा डाग पाडून परत दिलेला तोच अंक समोर पडला होता. अन त्याले दोरा लटकून राह्यला होता.

म्या म्हन्लं, "पंतजी, हा त अर्धाच हाये. मंग अर्ध्यावर आमची सरकी काहून चारून राह्यले?"

त्याईनं शेवटची ओय वाचली, 'पुढे चालू'. मंग पुढच्या अंकासाठी सारं कपाट पाह्यलं.

पुढचा अंक आमच्याइथं आलाच नोव्हता, टपालात कुठी हरपला होता. अकोल्याच्या वाचनालयात होता. पत्र धाडलं, उत्तर नाई. पेरनी पंधरा दिवसावर आली. मंग पंतजी स्वताच बैलगाडीत बसून अकोल्याले गेले.

तथी पाह्यलं त अंक वाचनालयात नोव्हताच, कारभाऱ्यानं घरी नेऊन ठेवला होता. हा कारभारी कापसाचा मोठा दलाल, अन नव्या सरकीचे पोते त्याच्याच वखारीत भरलेले. पंतजीईनं हात जोडले त म्हने, "अंक वर्गणीदारासाठी हायेत. तुमी काय पेरनी करता का?" दोन दिवस ओट्यावर बसवून ठेवलं. पान्यालेबी इचारलं नाई. आज माही सत्तरी उलटली, तरी हे आठवलं का हात शिवशिवते.

तिसऱ्या दिवशी दलाल वखारीत गेला त त्याच्या बायकोनं दाराआडून अंक बाहेर सरकवला. पंतजीईनं ओट्यावरच बसून सारा लेख उतरवून घेतला, अंक उंबऱ्यावर ठेवला अन निंगाले.

त्या उरलेल्या अर्ध्यात काय होतं, आयका. हे बी विहिरीच्या पान्यावर येते. निसत्या पावसाच्या काया जमिनीत वायून जाते. आधी दोन तास, म्हंजे दोनच ओयी, पेरून पाहा, जुनं बी फेकू नोका. लिहिनाऱ्यानं सारं सांगतलं होतं. ज्याले माहीत होतं तो गादीखाली दाबून बसला होता.

पंतजीईनं चावडीवर येऊन ते वाचलं. कारकून म्हने, "हे तुमच्या हातचं. छापील दाखवा." पाटील हासला. पाटलाकडं पाहून लोकंबी हासले.

आमी सात-आठ बाया उठलो, घरी आलो अन सरकी भुशात लपवली. घरच्याईले सांगतलं, बैलाईनं खाल्ली. पेरनीच्या दिवशी म्या ती बाहेर काढली. नवरा माह्या तोंडाकडं पाहत राह्यला, मंग त्यानं तिफन धरली.

नव्या सरकीचं झाड गुडघ्याएवढं झालं, पानं लाल पडली, फुलं गयाली. आमच्या वावरात बोंडं फुटली. दुसऱ्या साली पाटलीनबाई पदर पसरून बी मांगाले आली. दिलं म्या.

पन पंतजी तवाच खोलीतून गेले होते. दलालानं शायेच्या साहेबाकडं तक्रार धाडली, यानं घरात शिरून अंक चोरला. साहेबानं इचारलं, अंक कोनं देला? पंतजी चूप. मले एकटीले म्हनाले, "त्या बाईचं नाव घेतलं तर तिचे हाल होतील." त्याईले काढून टाकलं. ज्या गावासाठी दोन दिवस उपाशी बसले, त्या गावातला एक मानूस साहेबापुढं उभा राह्यला नाई. मीबी नाई. सारवनारीचं कोन आयकन, असं म्हनून घरी बसली. दलालाचा राग येते, पाटलाचा येते. पन माहा मलेच जास्त येते.

मंग बडनेऱ्याले रेल्वे आली. मी कापसाच्या बैलबंडीसंग टेशनावर गेली. पंतजी भर उन्हात गाठीवर कुंच्यानं निशान मारत होते. बोटं कायी, धोतर कायं. मले पाहून थांबले.

"सरकी उगवली का, बाई?"

"उगवली, पंतजी."

"सगळ्यांची?"

"ज्याईनं ठेवली त्याईची."

त्याईनं मान हालवली अन दुसऱ्या गाठीवर वाकले.

पुढच्या खेपेले गेली त निशान मारनारा दुसराच होता. इचारलं, त त्याले मांघचा कोन होता हे ठाऊक नोव्हतं.