दादाची भूक

माझ्या माहेरी, बोरी बुद्रुकला, ताट वाढण्याआधी माणसाला नाही, त्याच्या भुकेला विचारायची पद्धत होती. पद्धत आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. "लागली का?" एवढंच ते विचारत. नाही म्हटलं की ताट झाकून ठेवायचं, आग्रह करायचा नाही. ताप आला की लंघन, पोट बिघडलं की लंघन. लहानपणी मी कुणीतरी समजूत काढेल या आशेने रुसून बसायची, तर त्यालाही लंघनच मिळायचं. शेवटी आपणच निमूट उठून झाकलेल्या ताटापाशी जायचं.

हा नियम आबांनी गोठ्यातून उचलला होता. बैलाने वैरण सोडली की ते त्याच्या डाव्या कुशीला कान लावून डोळे मिटून उभे राहत. आतून आवाज नसला की गव्हाणीतली वैरण काढून घ्यायची. "प्वाट झोपलंय. झोपल्याल्या पोटात भरू न्हाई," असं म्हणत. आवाज परत आला, बैल रवंथ करायला लागला, की मग मूठभर हिरवं टाकायचं. शेजारपाजारचे लोकही आपली गुरं दाखवायला आणत. आबांच्या कानाचा निकाल आमच्याकडे सुप्रीम कोर्टाचा असे, त्यावर अपील नव्हतं.

माझा थोरला भाऊ, दादा, गुळव्या आहे. म्हणजे उसाचा रस काहिलीत, त्या भल्यामोठ्या कढईत, आटवून त्याचा गूळ कधी झाला हे ठरवणारा माणूस. थंड पाण्यात बोटं बुडवून तो उकळत्या पाकातून चिमूट उचलायचा, तिची गोळी वळायचा आणि हसायचा. आग मला ओळखते, अशी त्याची फुशारकी होती. एका हंगामात काहील चुलवाणावरून ओढून घेताना, रसावरची मळी सांडली होती तिथेच त्याचा पाय घसरला, काहील कलंडली आणि पाक कमरेपासून खाली त्याच्या अंगावर आला. उकळतं पाणी निदान ओघळून तरी जातं, पाक चिकटून बसतो. गुऱ्हाळावरचे लोक त्याच्यावर हौदातलं पाणी ओतत राहिले, हे फार चांगलं झालं. मी सासरहून, खोडदहून निघून पुण्याच्या दवाखान्यात पोचले तेव्हा त्याचे दोन्ही पाय पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेले होते आणि वहिनी भिंतीला टेकून उभी होती.

भाजलेल्यांच्या विभागातली डॉक्टरीणबाई तरुण आणि जरा तुसडी होती. मला अशी माणसं बरी वाटतात, मीही त्याच जातीची. तिने दादाच्या पोटावर स्टेथोस्कोप ठेवून बराच वेळ ऐकलं. मी विचारलं, "भाजलेत पाय. पोट कशाला तपासताय?"

"इतकं भाजलं की पोट बंद पडतं," ती म्हणाली. "आत काही हलत नाहीये."

पोटाला आगीची धगसुद्धा लागली नव्हती. बेंबीच्या वर आणि दोन्ही कुशींना कातडी जशीच्या तशी होती. तरी पायांवर काय गुदरलं ते आतड्यांना कळलं होतं आणि ती हातातलं काम टाकून थांबली होती. आमच्या खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या शेताशेतांत उभ्या राहून आभाळ ऐकतात. त्यांच्या सावलीत मी वर्षानुवर्षं कांदे काढलेत. पण माणसाच्या आतही इतक्या लांबून निरोप जात-येत असतील, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बाईने त्याच दिवशी नाकातून जठरात बारीक नळी घातली आणि पातळ अन्न थेंबाथेंबाने सोडायला सुरुवात केली. आबा काचेतून बघत होते. ते भडकले. "झोपल्याल्या पोटात वततायत! बैलाचंबी आसं कोन करत न्हाई."

बाई बाहेर आली. "बाबा, आतड्याला अन्न मिळालं नाही तर त्याचं अस्तर झिजतं. मग आतले जंतू रक्तात शिरतात. पोट जागं होईपर्यंत थांबायचं नाही. थोडं थोडं देऊनच त्याला जागं करायचं."

आबांना ते पटलं नाही, पण तिथे त्यांचं कोर्ट चालत नव्हतं. सिस्टर मधूनमधून सिरिंजने नळीतून ओढून बघायची की दिलेलं पुढे सरकलं की जठरातच साचून राहिलंय. बरंच परत आलं की आमचे चेहरे पडायचे. कमी आलं की वहिनी पदर डोळ्यांना लावायची. आयुष्यात पहिल्यांदाच जेवण पचलं म्हणून कुणाला रडताना मी पाहिलं.

हळूहळू पोट चालू झालं. नळी निघाली, दादाला वॉर्डात आणलं. डॉक्टरांनी पाठीची कातडी काढून मांड्यांवर लावली आणि आता भरपूर खाऊ घाला म्हणून बजावलं. वहिनी डबा उघडून बसायची. दादा मान फिरवायचा. "नको. भूक न्हाई." एरवी पोटात कावळे ओरडायला लागले की घर डोक्यावर घेणारा माणूस! आता ते कावळे कुठल्या कुठे उडून गेले होते.

आणि आम्ही आमच्या घरची रीत पाळली. "न्हाई म्हंतोय ना, ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "भूक लागंल तवा मागंल." वहिनीने डबा झाकला. असे कितीतरी डबे झाकले गेले. त्यात कुणाची हयगय नव्हती. आम्हाला वाटत होतं, आम्ही त्याच्या शरीराचा मान ठेवतोय.

दादाचे गाल आत गेले, दंडाची हाडं दिसायला लागली. एका ड्रेसिंगला बाईने पट्टी सोडली. लावलेली कातडी जागोजाग धरलीच नव्हती, सुटून येत होती. तिने आम्हाला बाहेर बोलावलं.

"हा काय खातोय?"

"भूक लागत न्हाई त्याला," आबा म्हणाले.

"लागणारच नाही." तिने आबांच्या डोळ्यांत बघितलं. "बाबा, भूक लागते कशी? जठरातून एक रस रक्तात उतरतो, हार्मोन म्हणतात त्याला. तो डोक्यापर्यंत जाऊन सांगतो, भूक लागली. इतकं भाजल्यावर तो कमी पडतो. पोट भरलं सांगणारे दुसरे असतात, त्यांचंही गणित बिघडतं. तुमचा मुलगा खोटं बोलत नाही, पण त्याची भूक आत्ता खरं सांगत नाहीये. जखमा भरायला त्याचं शरीर आतल्या आत भट्टीसारखं पेटलंय. बाहेरून अन्न मिळालं नाही तर ते त्याचंच मांस जाळणार. खाल्लं नाही तर कातडी धरणार नाही, आणि कातडी धरली नाही तर मी त्याला वाचवू शकणार नाही."

आबा बाकावर बसले. मी इकडे भलत्याच विचारात बुडाले होते. भुकेला आपण काय काय बोलतो, मेली भूक, जळलं मेलं हे पोट! आणि ही भूक म्हणजे जठराच्या एका कोपऱ्यात तयार होऊन रोज मेंदूपर्यंत चालत जाणारा निरोप. लहानपणापासून तो एकही दिवस चुकला नाही, म्हणून तो कुणीतरी आणतं हेच मला कधी कळलं नाही. तिथल्या फिनेलच्या वासात उभं राहून माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगते, देवळात माझ्या अंगावर असा काटा कधी आलेला नाही.

बऱ्याच वेळाने आबा उठले. हात धुतले, अंगावर दवाखान्याचा झगा चढवला, वहिनीच्या हातून चमचा घेतला आणि दादाच्या उशाशी बसले.

"आबा, भूक न्हाई हो."

"मी इचारलं का तुला?" आबा म्हणाले. "आ कर."

त्या दिवसापासून आबांनी "लागली का?" विचारणं बंद केलं. अंडं, वरण, खिमट, शेंगदाण्याचं कूट घातलेलं दूध, डॉक्टर सांगतील ते. दादा चिडायचा, कधी ओकायचा. आबा तोंड पुसून थोडं थांबायचे आणि परत चमचा पुढे करायचे. जन्मभर ज्याला पाप मानलं तेच आबा रोज न चुकता करत होते. घास घालताना त्यांचे ओठ दादाच्या ओठांबरोबर उघडायचे, हे त्यांना माहीतही नव्हतं.

दुसऱ्यांदा लावलेली कातडी धरली. दादा घरी आला, पण भूक काही आली नाही. खायचा तो आबांच्या धाकाने, औषध घ्यावं तसा. ती परत येईलच असं वचन बाईनेही दिलं नव्हतं.

मी मुक्कामाला आले होते तेव्हाची गोष्ट. दुपार टळत आली होती. दादा ओसरीतल्या खाटेवर उजव्या अंगावर झोपला होता. वहिनी चुलीपाशी मासवडीचा रस्सा उकळत होती. आबा वाटी-चमचा घेऊन आले आणि खाटेजवळ थबकले. वाटी खाली ठेवली. सावकाश गुडघे टेकले आणि दादाच्या डाव्या कुशीला कान लावून डोळे मिटले.

वहिनी माझ्याकडे बघायला लागली. मी बोट ओठांवर ठेवलं. मला वाटलं, मी नुसता श्वास घेतला तरी त्यांना ऐकू येणार नाही. आबांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि दादाच्या सदऱ्यात जिरलं.

दादा जागा झाला. कुशीवरचं पांढरं डोकं बघून गोंधळला. मग त्याने चुलीकडे मान वळवली, नाक वर करून वास घेतला आणि कुरकुरला, "आबा, उठा की. भूक लागलीय मला."

"व्हय," आबा म्हणाले. कान तसाच ठेवून. "ऐकतोय मी."