देवरावांचा इसबगोल

देवराव इसबगोल उभ्यानं प्यायचे. ग्लासात दोन चमचे भुसा टाकायचा, चमचा गरगर फिरवायचा आणि घट्ट व्हायच्या आत एका दमात ग्लास रिकामा करायचा. "बसून पेलं का थो ग्लासातच बसते, गुर्जी," असं म्हणायचे.

मी मुकुटबनच्या शाळेत शिकवत होतो, तेव्हाचे हे माझे शेजारी. आमची दोस्ती पोटावरून जमली. दोघांचीही आतडी चिडकी. कधी चार-चार दिवस कुलूप, कधी दिवसभर टमरेल हातात. डॉक्टरांनी दोघांनाही एकच सांगितलं होतं, भुसा घ्या, पाणी भरपूर प्या आणि धास्ती घेऊ नका. देवरावांनी शेवटचं फारच मनावर घेतलं. कळ आली की म्हणायचे, "पोट जावयावानी हाय. रुसते, अन् मंग सोताच जेवाले येते. ध्यान नाही द्याचं."

ते रोजानं फवारणीला जायचे. त्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि बोंडअळी हटत नव्हती, म्हणून औषधात औषध मिसळून मारणं चाललं होतं. पंप पाठीवर, फवारा तोंडासमोर. तोंडाला फडकं बांधा म्हटलं, तर हसले. "मंग बिडी कशी प्याची?" आजूबाजूच्या गावांतून फवारणीनं माणसं दगावल्याच्या बातम्या येत होत्या. मला भीती वाटायची, पण मी पुन्हा काही बोललो नाही.

एका दुपारी ते लवकर परतले आणि माझ्या ओट्यावर वाकून बसले. पोटात मुरडा, अंगभर घाम, तोंडातून लाळ. "नेहमीचंच हाय," म्हणाले. मलाही तेच वाटलं. माझ्याच डब्यातला भुसा कालवून दिला. ग्लास घ्यायला गेलेला त्यांचा हात भलतीकडेच गेला.

"गुर्जी, एवढ्या उन्हाचं अंधारून काहून येऊन राह्यलं?"

"अशक्तपणा असेल. पडा जरा घरी जाऊन."

ते जाऊन पडले. दोन तासांनी त्यांच्या बायकोची, कमलाबाईंची हाक आली, तेव्हा देवराव कुणाला ओळखत नव्हते. यवतमाळला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी कपड्यांच्या वासावरूनच फवारणीची विषबाधा ओळखली आणि विचारलं, इतका वेळ काय करत होता? तिसऱ्या दिवशी देवराव गेले.

महिन्याभरानं कमलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"गुर्जी, तुमी शिकलेले. पोटाच्या दुखन्यानं मानसाच्या डोयाले अंधारी येते का जी?"

त्या खरंच विचारत होत्या. जाब विचारला असता तर बरं झालं असतं.